‘३० मीटर वॉटरप्रूफ’, पण नक्की काय?

स्कूबा डायव्हिंगसाठी स्वस्तातला अ‍ॅक्शन कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मला जो कॅमेरा गळ्यात मारला गेला तो फुटका किंवा बंद पडलेला माल नव्हता. खोक्यातून काढला, चार्ज केला, घरात फिरवून पाहिला, सगळं ठीक. या धंद्याची खुबी हीच आहे. जमिनीवर हा कॅमेरा नापास होतच नाही. खोट कळते ती पाण्याखाली, आणि एकदा पाण्यात नेला की परत घेण्याचं दार बंद.

खोक्यावर ठळक अक्षरांत तीन दावे होते: अल्ट्रा एचडी फोर-के, २० मेगापिक्सल, ३० मीटर वॉटरप्रूफ. भांडायला गेलं तर प्रत्येकाचं उत्तर विक्रेत्याकडे तयार, कारण यातला एकही दावा सरळसरळ खोटा ठरवता येत नाही. तो आकडा कशाचा, एवढंच तेवढं गाळलेलं असतं.

खोलीचंच घ्या. ३० मीटर हा आकडा कॅमेऱ्याचा नव्हताच, सोबत आलेल्या पारदर्शक केसचा होता. उघड्या कॅमेऱ्यावर पाण्याचे चार थेंब पडले तरी तो गेला असता. आता केस वापरावी लागणं ही काही फसवणूक नव्हे, नामांकित कॅमेऱ्यांनाही ती लागते. गोप्रोचा हीरो १२ केसशिवाय १० मीटरपर्यंत चालतो, डीजेआयचा ‘ऑस्मो अ‍ॅक्शन ४’ हा १८ मीटरपर्यंत, आणि आपापल्या डाइव्ह केसमध्ये दोन्ही ६० मीटरपर्यंत जातात. पण तिथे हे दोन आकडे वेगवेगळे छापलेले असतात. इथे एकच होता, तोही कॅमेऱ्याच्या चित्राखाली. शेजारी ‘आयपी६८’ या धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या दर्जाचा शिक्काही होता. तो पाहून भुलू नका. त्यातला आठ हा आकडा पाण्याचा, आणि त्याच्या चाचणीची खोली आणि वेळ उत्पादक स्वतः ठरवतो, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावरून कॅमेरा दीड मीटरचा की पंधरा मीटरचा हे समजत नाही.

केसमध्ये पाणी शिरलं असतं तर निदान भांडण सोपं झालं असतं. पाणी शिरलं नाही. झालं ते वेगळंच. वरवर असताना कॅमेरा मजेत चालू. डाइव्ह मास्टरच्या मागोमाग खाली उतरत गेलो आणि एका खोलीला स्क्रीन आपोआप काळी. बटण दाबावं तर ते आधीच आत गेलेलं, बाहेर येईना. वर येताना कुठेतरी ‘टक्’ करून बटण सुटलं आणि कॅमेरा पुन्हा शहाण्यासारखा सुरू झाला. बोटीवर आल्यावर सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, बॅटरी गेली असणार.

बॅटरीचा संबंधच नव्हता. केस बंद करताना आत हवा अडकते ती पृष्ठभागावरच्या दाबाची. बाहेर मात्र दर १० मीटरला साधारण एक बार दाब वाढत जातो, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे जवळजवळ एक किलोचा जादा भार. १८ मीटरवर, जिथपर्यंत ‘ओपन वॉटर’ हा पहिला कोर्स केलेल्या नव्या डायव्हरला जायची मुभा असते, वरच्या हवेचा एक बार धरून एकूण दाब २.८ बार होतो. केसच्या बटणाला परत ढकलणारी स्प्रिंग असते. ती लेचीपेची असली की पाणीच बटण दाबून धरतं. कॅमेऱ्याला वाटतं कुणीतरी बोट ठेवून बसलंय, आणि जास्त वेळ दाबलं की बंद व्हायचं हे त्याला शिकवलेलंच आहे. केस फुटली नाही, गळली नाही, म्हणजे कागदावर ‘३० मीटर’ खरेच. त्या खोलीवर कॅमेरा चालेल असं कोण म्हणालं होतं?

(कॅमेरा असा रुसला की माणूस त्याच्याशीच खेळत बसतो आणि हवा आणि खोली दाखवणाऱ्या गेजकडे, बडीकडे म्हणजे जोडीदार डायव्हरकडे लक्ष राहत नाही. नवख्यांनी कॅमेरा घेऊन उतरणं प्रशिक्षकांना का आवडत नाही, ते अशा वेळी पटतं.)

घरी येऊन केस भिंगाखाली धरली. ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, बसते त्या खोबणीत साच्याची बारीक उभी रेघ राहिलेली, नखाला सहज लागणारी. रबर तिच्यावरून वाकून बसत होतं. पाणी शिरलं नाही हे नशीबच.

आता फोर-के. फाइलची माहिती उघडली तर ३८४० बाय २१६० असंच दिसतं. म्हणजे जवळजवळ ८३ लाख पिक्सल. फाइल खोटं बोलत नाही, पण सेन्सर तेवढं पाहतच नाही. लहान सेन्सरवर आलेलं चित्र आतला प्रोसेसर ताणून मोठं करतो आणि मधल्या जागा अंदाजाने भरतो. २० मेगापिक्सलचे फोटोही असेच फुगवलेले. पाण्याखाली हे ढोंग जास्तच उघडं पडतं, कारण प्रकाश कमी आणि लाल रंग तर पहिल्या काही मीटरांतच गळून जातो. माझ्या फुटेजमध्ये माशाच्या अंगावरचे खवले नव्हतेच. होता तो एक हिरवट लगदा, मासा हलला की मागे फरपटत जाणारा. जाहिरातीतल्या व्हिडिओत मात्र खोल पाण्यातली प्रवाळं लालभडक. लाइट नाही, फिल्टर नाही, आणि लाल रंग जसाच्या तसा? तो व्हिडिओ दुसऱ्याच कुठल्यातरी महागड्या सरंजामावर काढलेला होता.

चित्र अपेक्षेपेक्षा अरुंद आलं त्याचा दोष मात्र विक्रेत्याला देत नाही. सपाट काचेतून पाण्यात पाहिलं की वस्तू जवळ आणि मोठी दिसते, त्यामुळे वाइड अँगलचा पसारा चांगल्या कॅमेऱ्यातही आवळतो.

सोबत ‘फुकट’ दिलेलं १२८ जीबीचं कार्ड म्हणजे शुद्ध लबाडी. कॉम्प्युटरला ते १२८ सांगत होतं, आत जागा त्याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. भरल्यावर ते तक्रार करत नाही, पुढचं लिहिण्याचं नुसतं नाटक करतं. फाइलींची नावं दिसतात, उघडत नाहीत. एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री ही मोफत सॉफ्टवेअरं कार्ड काठोकाठ भरून परत वाचून पाहतात, त्यात हा प्रकार लगेच पकडला जातो.

आणि शेकड्यांनी पंचतारांकित अभिप्राय? सगळ्यात जुन्यांपर्यंत खाली गेलं तर लोक मोबाइल कव्हरच्या रंगाचं कौतुक करत होते. आधी दुसरीच वस्तू विकायची, तारे गोळा करायचे, मग त्याच पानावर चित्र आणि नाव बदलून कॅमेरा चढवायचा.

विक्रेत्याशी झालेलं बोलणं तर ऐकण्यासारखं आहे. पहिलाच प्रश्न, “सर, कॅमेरा पाण्यात वापरलात का?” मी म्हटलं, डायव्हिंगसाठीच विकताय, मग कुठे वापरणार? उत्तर आलं, “पाण्याशी संपर्क आल्यास वॉरंटी लागू होत नाही, सर. कार्डावर लिहिलं आहे.” लिहिलं होतं खरं, मुंगीएवढ्या अक्षरात. मग म्हणाले बॅटरी बदलून देतो. नको म्हटल्यावर थोडे पैसे परत देऊ केले, अट एकच: तक्रार मागे घ्या आणि पाच तारे द्या. तेही नको म्हटल्यावर, स्वखर्चाने परदेशातल्या पत्त्यावर पाठवा.

म्हणून कॅमेरा हातात पडल्या दिवशीच, परतीची मुदत चालू असताना, कोरड्या जमिनीवर जेवढं पाहता येईल तेवढं पाहून घ्या. बारीक छपाईचा कागद भिंतीला लावा, त्याच जागेवरून एकदा १०८०पी (साधं फुल एचडी) आणि एकदा फोर-केमध्ये चित्रीकरण करा आणि दोन्ही मोठं करून पाहा. फोर-केमध्ये एकही अक्षर जास्त वाचता येत नसेल तर फोर-के नाहीच. फाइलचा आकारही चुगली करतो. १०० मेगाबिट वेगाने लिहिणारा कॅमेरा मिनिटाला साधारण ७५० एमबी खातो, माझा दोनशेलाही पोचत नव्हता. केसचं प्रत्येक बटण करंगळीच्या टोकाने दाबून पाहा. अगदी हलक्या दाबाने आत जाऊन रेंगाळत असेल तर खोल पाण्यात ते बाहेर यायचं नाव घेणार नाही. ओ-रिंग काढून खोबणीतून नख फिरवा. आणि पहिली डाइव्ह रिकाम्या केसची, आत कॅमेऱ्याऐवजी कोरडा टिश्यू पेपर, पाणी शिरलं तर तो भिजलेला दिसेल.

विकत घेण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा: केसशिवाय किती मीटर, केससकट किती, सेन्सर मूळचा किती पिक्सलचा, आणि पाण्यात वापरल्यावर वॉरंटी राहते का. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथेच थांबा, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

असे पुरावे जपल्यामुळेच माझं काम झालं. पैसे कार्डाने भरले होते, म्हणून ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाखाली बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे परत वळते करून, मागितला. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, वॉरंटी कार्डाचा फोटो, कागदाच्या चाचणीच्या दोन फ्रेम आणि पाच ताऱ्यांच्या बदल्यात पैसे देऊ करणारा त्यांचा संदेश जोडला. बटणाचं शास्त्र बँकेला समजावत बसलो नाही. ‘डायव्हिंग कॅमेरा’ म्हणून विकलेला माल आणि ‘पाण्याशी संपर्क आल्यास वॉरंटी नाही’ ही ओळ, दोन्ही एका पानावर शेजारी शेजारी लावून दिली. पैसे परत आले. कॅमेरा त्यांनी कधी मागितलाच नाही.