राग सांगा, साथीदार सांगा अन् बाजूला व्हा

शास्त्रीय संगीताच्या रेडिओवर निवेदकानं किती बोलावं, याचं माझं माप शिवणकामातलं आहे. एका बाहीला अस्तर लावून होईस्तोवर गाणं सुरू झालं पाहिजे. दुसरी बाही हातात आली आणि गडी अजून बोलतोच आहे, तर मी स्टेशन बदलते.

परभणी जिल्ह्यातल्या सेलूत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. शटर वर गेलं की रेडिओ चालू. मोबाइल कपाटात चार्जिंगला, आवाज बाहेर स्पीकरवर. हात कापडावर, पाय मशीनवर, डोळे सुईवर. पडद्यावर कुणाचं नाव आलंय ते बघायला उठायचं म्हणजे शिवण अर्ध्यात सोडायची. त्यामुळं 'मधी कुणी बोलूच नये, नुसतं गाणं लावावं' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मला निवेदक लागतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मी मध्यमापर्यंत दिल्यात. यमन, भूप, मालकंस हे राग कानाला कळतात. पण गौड सारंग चाललाय का शुद्ध सारंग, हे छातीवर हात ठेवून सांगायची माझी तयारी नाही. कुणीतरी सांगावं लागतं.

तर सुरुवात आकाशवाणीच्या 'रागम्'पासून. 26 जानेवारी 2016 ला बंगळुरूहून सुरू झालेली ही वाहिनी चोवीस तास शास्त्रीय संगीत देते, हिंदुस्थानी अन् कर्नाटक दोन्ही. आकाशवाणीच्या मोबाइल ॲपवर लागते, पैसे पडत नाहीत. निवेदन जुन्या वळणाचं. कलाकार कोण, राग कोणता, ताल कोणता, तबल्यावर कोण, संवादिनीवर (म्हणजे हार्मोनियमवर) कोण. संपलं. आवाजात ना लाडीगोडी, ना घाई. कुणाला हे सरकारी वाटेल, तर वाटू द्या. 1952 मध्ये आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासूनचं हे वळण आहे, अन् त्यात एक अक्षर फुकट जात नाही.

ही कोरडी माहिती माझ्या किती कामाची आहे ते सांगते. निवेदिकेनं 'विलंबित एकताल', म्हणजे संथ लय, म्हटलं की मी कटिंगला बसते. आता बराच वेळ कुणी मला दचकवणार नाही, कात्री सरळ चालते. झपताल म्हटलं की साधी शिलाई. ठुमरी म्हटली की हुक अन् काज, कारण ठुमरीत मन तिकडंच जातं, अवघड काम हातात घेऊच नये. निवेदिकेला बिचारीला पत्ता नसेल की तिच्या एका वाक्यावर सेलूतल्या चार ब्लाउजांचं वेळापत्रक ठरतं.

'रागम्'वरचं कर्नाटक संगीत ऐकताना मात्र आपण इकडच्यांनी थोडी तयारी ठेवावी. तिथं 'तोडी' म्हणतात अन् सुरू होते ती आपल्या भैरवीच्या स्वरांची दुनिया. आपल्याला तोडी म्हटलं की तीव्र मध्यमाची, कोमल रिषभ-गंधाराची सकाळ आठवते. ते स्वर दक्षिणेत शुभपंतुवराळी रागात सापडतात. मालकंस हवा असेल तर 'हिंदोळम्' ऐका, भूप हवा असेल तर 'मोहनम्', अन् कल्याणी म्हणजे आपल्या यमनचे स्वर. एवढं ठाऊक असलं की दक्षिणेतलं अर्धं परकेपण तिथंच जातं. उरलेलं अर्धं मृदंगम् अन् घटम् घालवतात. निवेदकानं उत्तरेच्या श्रोत्यासाठी 'हे तुमच्या मालकंसाचे स्वर' एवढं अर्धं वाक्य टाकलं, तर मी त्याला जादा बोलणं म्हणणार नाही. असलं बोलणं मला हवंय.

आणखी एक गोष्ट बंगळुरूची आवडते, ती म्हणजे 'ळ'. कानडीत 'ळ' आहे, त्यामुळं तिथल्या माणसाच्या तोंडी तो आपसूक येतो. हिंदी मुलखातल्या निवेदकांच्या तोंडी आपल्या नाथराव नेरळकरांचे 'नेरलकर' होतात. मराठवाड्यात ज्या माणसानं इतक्यांना गाणं शिकवलं, त्यांच्या नावातलं एक अक्षर असं पुसलं गेलं की माझी मशीनवरची टीप वाकडी जाते. असल्या निवेदकांना माझं एकच सांगणं: दोन मिनिटं आधी नाव मोठ्यानं म्हणून बघा. जमलं नाही तर फोन करून विचारा. नाव नीट घेणं हा मानाचा भाग आहे, जाडजूड विशेषणं नव्हेत.

हा मान परभणी केंद्राकडून शिकावा. आमच्या घरी वडील मर्फी रेडिओचा काटा 1305 किलोहर्ट्झवर आणून ठेवायचे अन् कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. 'हे आकाशवाणीचं परभणी केंद्र आहे' एवढं ऐकू आलं की घरातले बाकीचे आवाज कमी व्हायचे. तिथं निवेदक आमच्यासारखंच बोलायचे, फक्त जरा इस्त्री केलेलं. अंबाजोगाईच्या शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज लागायचा असला की आपेगावकर हे नाव असं यायचं जसं गावातल्या थोरल्या माणसाचं घ्यावं. त्यांना 1986 मध्ये पद्मश्री मिळाली, पण मोठेपण सांगायला पद्मश्रीची गरज पडायची नाही, आवाजातच कळायचं. सकाळी सगळ्यात आधी वाजायची ती आकाशवाणीची धून. युरोपातून इकडं आलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी 1930 च्या दशकात बांधलेली, तंबोरा अन् व्हायोलिनची. माझ्या लेखी हिंदुस्थानातला सगळ्यात चांगला निवेदक ती धूनच आहे. एक शब्द नाही अन् सगळं सांगून मोकळी.

पैसे भरून ऐकायचा रेडिओही मी ऐकलाय. वर्ल्डस्पेस म्हणून उपग्रहावरून यायचा, छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) नंदेच्या घरी होता. गच्चीवर अँटेना उपग्रहाच्या दिशेनं लावावा लागायचा, जरा हलला की आवाज गायब. त्यावर हिंदुस्थानीसाठी 'गांधर्व', कर्नाटकसाठी 'श्रुती' अन् मराठीसाठी 'सुरभि' अशा वाहिन्या होत्या. नंदेकडं गेले की मी स्वयंपाकघराऐवजी त्या डब्याजवळ सापडायची. 31 डिसेंबर 2009 ला भारतातली सेवा बंद झाली. डबे कपाटावर गेले.

आता बोलक्या निवेदनाकडं येते. बोलण्याला माझी मुळीच हरकत नाही, हे विविध भारतीवरच्या 'संगीत सरिता'नं सिद्ध करून ठेवलंय. सकाळचा छोटा कार्यक्रम, त्यात बोलणंच बोलणं. पण काय बोलणं! रागाचे स्वर, चलन, वादी-संवादी म्हणजे त्यातले मुख्य स्वर, मग त्या रागातलं एखादं सिनेमातलं गाणं, मग खुद्द राग. मला ज्या गोष्टी परीक्षेसाठी घोकाव्या लागल्या, त्या इथं चहा पिता पिता कळायच्या. दुकानात येणाऱ्या बायकांना हेच सगळ्यात आवडतं. "अगं, हे तर आपलं ओळखीचं गाणं!" म्हणतात अन् तेवढ्यापुरतं माप द्यायचं विसरतात. एरवी शास्त्रीय गाणं लागलं की ठरलेला प्रश्न येतो: "ताई, कुणी पुढारी गेला का काय? सकाळधरनं हेच वाजायलंय." त्यांची चूक नाही. राष्ट्रीय दुखवटा लागला की रेडिओवर दिवसभर सारंगी अन् सनईच वाजायची, ते कानात बसलंय.

दुखवटा परवडला असं ज्यानं वाटायला लावलं ते स्टेशन आता सांगते. खासगी आहे, ॲपवर मिळतं, नाव लिहीत नाही. आमच्या भाच्यानं मोठ्या कौतुकानं लावून दिलं. संग्रह म्हणाल तर झकास, मल्लिकार्जुन मन्सूरांपासून किशोरीताई आमोणकरांपर्यंत. निवेदक तरुण आहे, आवाज गोड आहे, अन् तो कधीच थांबत नाही. 'हाय, कसे आहात मंडळी' इथून सुरुवात. मग आजचा पाऊस, मग कॉफी, मग 'डोळे मिटा, खोल श्वास घ्या'. डोळे मिटून मी काय शिवू, बोट? मग राग येतो. तो 'जादुई' असतो. पुढचा 'अलौकिक'. त्याच्या पुढचा 'स्वर्गीय'. मालकंसात रिषभ अन् पंचम वर्ज्य, उरतात ते पाच स्वर, एवढं सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याच्या हाताला काही लागलं असतं. जादुई ऐकून काय कळतं?

त्यावर कडी म्हणजे औषधं. दरबारी ऐका, ताण उतरतो. अमुक राग ऐका, रक्तदाब खाली येतो. माझा तर त्याचं ऐकूनच वर जायचा. संगीतानं बरं वाटतं हे मला सांगायला नको, मी दिवसभर त्याच्यावरच उभी आहे. पण राग म्हणजे काय खोकल्याचं औषध हाय का, जेवणानंतर दोन चमचे?

अन् ह्या सगळ्याच्या वरताण गुन्हा एकच: गाण्यावर बोलणं. दरबारीचा आलाप सुरू झालाय, गायक कोमल गंधारावर येऊन तो हळूहळू झुलवायला लागलाय. दरबारीचा सगळा जीव त्या आंदोलनात असतो. नेमका तिथंच हा म्हणतो, 'वाह, क्या बात है, ऐकत रहा.' अरे ऐकतच होते ना! तंबोरा वाजायला लागला म्हणजे गाणं सुरू झालं नाही, अजून बोलायला जागा आहे, असं ह्या लोकांना कुणी शिकवलं? तंबोरा जुळलेला ऐकायला मिळणं हाच अर्धा आनंद असतो.

शेवटाकडंही तेच. तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आले, तंबोरा अजून घुमतोय, तोवर जाहिरात. कधी तर विलंबित ख्याल झाला, द्रुत, म्हणजे जलद भाग, सुरू व्हायच्या आत आवाज बारीक करत करत बंद. अर्धं ताट वाढून पाट उचलला.

हा वाद आपल्याकडचाच आहे असं मात्र समजू नका. इंग्लंडात बीबीसीचं रेडिओ 3 हे 1967 पासून आहे, गंभीर, माहितीचं. 1992 मध्ये तिथं क्लासिक एफएम आलं, जाहिरातींवर चालणारं, हलकंफुलकं, मोठ्या सिंफनीतला एखादाच भाग लावणारं. तेव्हापासून दोन्हीकडचे श्रोते एकमेकांना नावं ठेवतात. एकाला शिष्ट म्हणतात, दुसऱ्याला उथळ. एवढं मानते की हलक्याफुलक्या स्टेशनानं ऐकणारे वाढतात. आमच्या भाच्यानं मालकंस हा शब्द त्या बडबड्याकडूनच उचलला. बडबडीचा एवढा फायदा पदरात घालते.

माझी खरी मागणी मात्र गाण्यानंतरच्या निवेदनाची आहे, अन् तिकडं कुणाचंच पुरेसं लक्ष नसतं. गिऱ्हाईक आलं, मोजमाप झालं, मधूनच गाणं कानावर पडलं. कोण गातंय? सुरुवातीचं निवेदन तर हुकलेलं. अशा वेळी शेवटी 'आत्ता आपण ऐकलंत' म्हणून राग, कलाकार अन् साथीदार परत सांगितले की जीव निवतो. साथीदारांची नावं तर हमखास सांगावीत. आकाशवाणीवर 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला बंदीच होती, तेव्हा त्या वादकाचं नाव घ्यायचा प्रश्न नव्हता. आता तर तो समोर बसून वाजवतोय. त्याचं नाव गिळायला कारण काय?

ह्या बाबतीत जुन्या काळातली गायिका गौहर जान हिचा हात अजून कुणी धरला नाही. 1902 मध्ये कलकत्त्यात तिनं तबकड्यांसाठी गाणी रेकॉर्ड केली. तबकडीचा वेळ तीनएक मिनिटांचा. तेवढ्यात ख्याल बसवायचा अन् शेवटी खणखणीत आवाजात सांगायचं, 'माय नेम इज गौहर जान'. तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या, तिथल्या लोकांना कळावं कुणाचं गाणं आहे, म्हणून ही सोय. गाणं संपल्यावर नाव, तेही गाणारीच्याच तोंडून, अन् दोन सेकंदांत काम तमाम.

तर माझे तारे असे. 'रागम्' साडेचार, अर्धा राखून ठेवला उत्तर-दक्षिणेची जोडणी करणाऱ्या त्या अर्ध्या वाक्यासाठी. 'संगीत सरिता' पाच, माझ्यापेक्षा गिऱ्हाइकांच्या वतीनं. परभणीला तारे देत नाही, घरच्याला कुणी गुण देतं का. अन् त्या गोड आवाजाच्या खासगी स्टेशनाला एक. तोही मन्सूरांचा.