चाळीस मिनिटं नुसते प्रश्नच विचारले (गंगापूर रोड, लहान मुलांच्या पोटाचे डॉक्टर)

मुलगा नऊ वर्षांचा. जूनपासून पोट दुखतंय म्हणायचा, बेंबीपाशी, आणि ते पण नेमकं सकाळी बूट घालताना. सासूबाईंनी बेंबीला हिंग लावून झाला, दृष्ट काढून झाली, जंताचं औषध दोनदा. आधीच्या डॉक्टरांनी, नाव नको, सोनोग्राफी करायला लावली, त्यात पोटात बारीक गाठी निघाल्या आणि शेजारच्या काकूंनी टीबी शब्द उच्चारला, झालं, तीन रात्री घरात कोणाला झोप नाही.

इथे अपॉइंटमेंट मिळायला दोन आठवडे गेले. डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि प्रश्न सुरू. दुखतंय म्हणून रात्री झोपेतून उठतो का, वजन उतरलंय का, शीतून रक्त, सारख्या उलट्या, ताप, घरात कोणाला आतड्याचा आजार? सगळ्याला नाही. उंची-वजन चार्टवर मांडलं, पोट नीट दाबून बघितलं, थोड्या रक्त-लघवी-शीच्या टेस्ट केल्या, नॉर्मल. आणि त्या गाठी, तेवढ्या बारीक तर धडधाकट मुलांच्या सोनोग्राफीत पण दिसतात म्हणे!!

निदान काय तर 'फंक्शनल'. मी म्हटलं म्हणजे नाटक करतो का हा? तर नाही, दुखणं अगदी खरं असतं, आतड्याच्या आणि मेंदूच्या मधल्या नसा जरा जास्तच हळव्या, दुसऱ्या पोराला जो गॅस कळत पण नाही तो याला कळ देऊन जातो. महिन्यात कमीत कमी 4 वेळा असं 2 महिने चाललं आणि दुसरं काही सापडलं नाही की हे नाव देतात. 1958 मध्येच इंग्लंडच्या डॉ. ॲप्लेंनी शाळेतल्या साधारण 10 पैकी एका मुलाला असं दुखतं हे दाखवलंय.

उपाय ऐकून ह्यांना वाटलं फी वाया गेली. शाळा बुडवायची नाही, दुखलं तर दहा मिनिटं गरम पिशवी आणि मग रिक्षात बसायचं. घरी राहिला की मोबाईल आणि आजीचा शिरा, ते बंद. रात्री पोटाने हळू श्वास. शाळेतल्या संडासात जात नाही म्हणून शी साठायची, त्याला एक पावडर आणि नाश्ता झाला की दहा मिनिटं बसायचं. आणि मला, "आज दुखतंय का" विचारायचं नाही. मी दिवसातून पाच वेळा विचारत होते, खोटं कशाला बोलू.

अडीच महिने झाले, मागच्या महिन्यात दोनदाच दुखलं, त्यातलं एक गणिताच्या पेपरला.

एक स्टार कापला, कारण रिसेप्शनवाली फोन उचलत नाही आणि पार्किंग शून्य, आमची ॲक्टिव्हा टो झाली.