आर्वीकडचं डिस्क गोल्फ : तीन फेऱ्यांचं वेबिल

एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. रात्री डेपोत वेबिल, म्हणजे तिकिटं-पैशांचा हिशोब, जुळलं नाही तर डोळ्याला डोळा लागत नसे. नोकरी संपली, खोड राहिली, म्हणून डिस्क गोल्फच्या, म्हणजे चकती फेकून खांबावरच्या बास्केटमध्ये घालायच्या खेळाच्या, या मैदानाबद्दलचं माझं मत जरा लांबणार. ज्यांना नुसते तारेच पाहिजेत त्यांच्यासाठी वर तीन टाकले आहेत. पण त्या तीनवर विसंबून कोणी शंभर किलोमीटर गाडी काढू नये.

आर्वीहून कौंडण्यपूरकडे जाताना पांदणीने आत वळायचं. शेत पाहायला, जेवायला लोक येतात तिथे. मालकाने मागच्या आठ एकरात, संत्र्याच्या बगीच्यापासून नाल्यापर्यंत, नऊ बास्केट रोवल्या आहेत. माणशी १०० रुपये, चकती भाड्याने ५०, हरवली तर ६००. मालक माझ्या जुन्या ड्रायव्हरचा मुलगा. हे आधीच सांगून टाकतो, कारण खालचे पाच-पाच तारे वाचले तर त्यातली निम्मी आडनावं मालकाचीच निघतात. मलाही म्हणाला, "काका, पाच टाकून द्या ना जी." मी म्हटलं, तुझ्या बापाला विचार, मी कधी कोणाला फुकट तिकीट फाडलं होतं का.

बाकीचे पाच तारे पाटोडी रश्शाचे आहेत. रस्सा खरंच झकास, तर्री बोटभर, सोबत ज्वारीची भाकर आणि ठेचा. पण रश्शाचे तारे मैदानाला लावले तर खेळायला येणाऱ्याने काय समजायचं? आणि एकाने एकच तारा दिलाय, कारण मोबाईलला रेंज नव्हती. बरं.

हा खेळ मला जवाईबापूंनी दाखवला. ते फिनलंडमध्ये टाम्पेरेला असतात. शेजारी नोकिया नावाचं गाव आहे, मोबाईलवाल्या नोकियाला नाव मिळालं ते त्याच गावावरून. तिथल्या 'बीस्ट' नावाच्या मैदानावर या खेळाची युरोपियन ओपन स्पर्धा खेळली गेलीय. त्यांनी तिकडे चाळीसेक मैदानं पाहिलीत, मी हे एकच. तेव्हा माझे तारे कशाशी तोलून दिले असं विचाराल तर कशाशीच नाही.

पहिली फेरी दिवाळीनंतरची. सकाळी सातला गारवा, तूर फुलावर, कापूस फुटलेला. बगीच्याकडून वास येत होता. जवाईबापू एक नंबरला टाकायच्या जागेच्या फरशीवर उभे राहिले, हात मागे नेला आणि चकती अशी सोडली की मी बघतच राहिलो. सरळ गेली, शेवटी डावीकडे झुकली आणि बास्केटजवळ टेकली. म्हणाले, "मामाजी, उजव्या हाताने अशी टाकली की वेग कमी झाल्यावर ती डावीकडेच पडणार. तेवढं धरूनच नेम घ्यायचा." चकती म्हणजे लहान मुलांचं ते फ्रिसबी नव्हे. आकाराने लहान, काठाला धार असल्यासारखी, वजन १७० ग्रॅमच्या आसपास, पाव किलोच्या आतच. लांब टाकायची वेगळी, मधली वेगळी, जवळून बास्केटच्या साखळीत घालायची वेगळी. गोल्फसारखंच, कमी टाक्यांत, म्हणजे कमी वेळा टाकून, जो पोचला तो जिंकला.

एक नियम मला फार सोपा गेला. बास्केटपासून दहा मीटरच्या आत असलात की टाकल्यावर तोल सांभाळून उभं राहायचं, चकती जिथे पडली होती त्या खुणेच्या पुढे पाय टाकायचा नाही. जवाईबापू दोनदा पुढे झुकले. मी एकदाही नाही. वर्धा-आर्वी रस्त्यावर एका हातात पेटी, एका हाताने सुटे पैसे, आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला तरी उभा राहिलेला माणूस आहे मी.

तीन नंबर अवघड आहे आणि चांगला आहे. उजवीकडे धुरा, धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याची पऱ्हाटी, आणि मध्ये रोही (नीलगाय) आणि डुकरांसाठी लावलेली विजेची झटका तार. चकती तारेपलीकडे गेली की बाहेर, एक टाका दंड. माझी पांढरी चकती गेली आणि फुटलेल्या कापसात बसली. पांढऱ्यात पांढरं. मालकाच्या गड्याने झटक्याचं मशीन बंद केलं, आम्ही अर्धा तास पऱ्हाटीच्या दोन ओळींत फिरलो. शेवटी वेचणाऱ्या बायांपैकी एक म्हातारी आली, ओटीतल्या कापसातून चकती काढली आणि म्हणाली, "भाऊ, हे झाकन तुमचं हाय का जी? म्या म्हटलं कोन्या गंजाचं उडालं." तेव्हा पहिली सूचना: दिवाळीत गेलात तर लाल किंवा जांभळी चकती मागा. पांढरी देतील, घेऊ नका.

आता बास्केट. ही भानगड जरा नीट सांगतो. खांबाला वरून साखळ्या लोंबतात, खाली जाळीची टोपली. चकती साखळ्यांवर आपटते, तिचा जोर मरतो आणि ती टोपलीत पडते. ही युक्ती कॅलिफोर्नियातल्या एड हेड्रिक नावाच्या माणसाची. त्याच्या आधी लोक झाडांना, खांबांना नेम धरून टाकत. १९७५ मध्ये ओक ग्रोव्ह इथे त्याने पहिलं कायमचं मैदान आखलं, १९७७ मध्ये साखळीच्या बास्केटचं पेटंट मिळालं. २००२ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या काढल्या. आमच्याकडची राख वर्धा नदीत जाते. ही गोष्ट ऐकल्यावर मी हातातली चकती जरा जपून धरली.

तर, चांगल्या बास्केटला साखळ्या दोन पदरी असतात, एक बाहेरचा घेर, एक आतला. इथल्या बास्केट गावच्या वेल्डरने केल्या आहेत. सायकलची रिम, बैल बांधायची साखळी, खाली जाळी. काम मजबूत, पण साखळ्या दहाच आणि पदर एकच. जवाईबापूंची चकती बरोबर मध्ये लागली आणि मागून बाहेर पडली. ते काही बोलले नाहीत, नुसतं मालकाकडे पाहिलं. मी नंतर एक नंबरला पाच पावलांवरून वीस वेळा टाकून पाहिली: ११ राहिल्या, ४ आरपार, ५ माझ्याच चुकल्या. सहा नंबरला दुसरा पदर लावलाय, तिथे १५ राहिल्या आणि आरपार एकही नाही. म्हणजे त्याला येतं करता. बाकीच्या आठ कधी करणार, हे विचारलं तर म्हणतो, सोयाबीन विकल्यावर.

आणि पाट्या. सात नंबरच्या पाटीवर ९० मीटर लिहिलंय. माझ्या पावलांनी ९७ भरलं, पाऊल माझं ७० सेंटिमीटरचं, नोकरीत फलाट मोजून मोजून पक्कं झालेलं. करा हिशोब. मालकाला सांगितलं तर हसला, "काका, नव्वद लिहिलं की लोकाइले बरं वाटते." माझा राग इथे आहे. शेवटच्या स्टेजचं भाडं घेऊन मधेच उतरवल्यासारखं झालं हे. ९० चा अंदाज धरून लांबची चकती टाकली ती बास्केटवरून नाल्यात.

दिवाळीच्या फेरीला मी चार तारे दिले, जवाईबापूंनी अडीच. मालकाचं तोंड उतरलं, मी सासरा म्हणून मध्ये अडकलो. दोन्ही आकडे खरे होते. त्यांनी तिकडच्या मैदानांशी ताडून दिले होते, मी आर्वीच्या रविवारशी.

दुसरी फेरी मे महिन्यातली. जवाईबापू दोन चकत्या ठेवून गेले होते. सकाळी सहाला गेलो म्हणून निभावलं. आठनंतर गरम वारा सुटतो. समोरून वारा असला की चकती उजवीकडे उलटते, दिवाळीत शिकलेलं सगळं उलटं. जमिनीला भेगा एवढ्या की एक चकती उभीच्या उभी आत गेली, काठीने काढली. पायमोज्याला कुसळं, चपलेला सराटे. सावली फक्त चार नंबरच्या कडुनिंबाखाली. तिथे माठ ठेवलाय, पाणी गार, त्याबद्दल मालकाला शाबासकी. नऊ बास्केट करून परत आलो तर गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेली दुसरी चकती पापडासारखी वाकलेली. दोन तारे.

तिसरी श्रावणात. ही करूच नका. काळी माती अशी चिकटते की जोडा दोन किलोचा होतो. टाकायच्या जागी शहाबादी फरश्या बसवल्यात, कोरड्या असताना छान, ओल्या झाल्या की पाय सरकतो. मी पाच नंबरला बसलोच. गवत गुडघ्याच्या वर, सापाची भीती, आणि नाला भरून वाहत होता, म्हणून आठ आणि नऊ बंद. पैसे मात्र नऊचेच घेतले. दीड.

चार, दोन, दीड. सरासरी अडीच येते, पण अडीचचं मैदान तिथे कुठल्याच महिन्यात नाही. मी वर तीन टाकले, कारण एक आकडा टाकल्याशिवाय ही साईट पुढे जाऊ देत नाही. खाली ज्यांनी लिहिलंय त्यांना विनंती: महिना लिहा, किती वाजता गेलात ते लिहा, याआधी कुठे खेळलात ते लिहा. मालकाचे मामा असाल तर तेही.

कार्तिकात पुन्हा जाऊन आलो. दोन नंबरलाही दुसरा पदर लागलाय. सात नंबरच्या पाटीवरच्या ९० वर कोणीतरी खडूने काट मारून ६८ लिहिलंय. अक्षर माझं नाही.