क्युबा-तुर्की घ्यायचं की युक्रेन-सोलोमन? वादविवादाला उभं राहणाऱ्या पोरांसाठी

भाची अमळनेरला कॉलेजात आहे, वादविवादाला उभी राहतेय. विषय, चिथावणी कशाला म्हणायचं हे मोठे देश आपल्या सोयीने ठरवतात. ती विषयाच्या बाजूने बोलणार. तिच्याकडे उदाहरणांच्या दोन जोड्या आहेत आणि वेळ एकीपुरताच. धुळे-नंदुरबारकडे अजून कोणी याच विषयाची तयारी करत असेल तर त्यांनाही कामाला येईल म्हणून इथेच लिहितो.

क्युबा-तुर्कीची जोडी जुनी आहे पण भक्कम आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकेच्या यू-२ विमानाने काढलेल्या फोटोंत अमेरिकेच्या दाराशी असलेल्या क्युबातले सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ दिसले, २२ तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी टीव्हीवर आले, समुद्रात नाकेबंदी लावली, जग अणुयुद्धाच्या काठावर गेलं. आणि तेव्हा तुर्कीत इझमीरजवळ अमेरिकेची स्वतःची १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रं सोव्हिएत युनियनच्या दिशेने उभी होतीच की. १६ ऑक्टोबरच्या बैठकीचं टेप रेकॉर्डिंग आहे, त्यात केनेडी म्हणतात की हे म्हणजे आपण अचानक तुर्कीत क्षेपणास्त्रं नेऊन ठेवल्यासारखं झालं, केवढं धोक्याचं, तर त्यांचेच सल्लागार बंडी सांगतात, आपण ठेवलीयत ना. हा प्रसंग भाषणात घ्याच, यापेक्षा मोठा पुरावा मिळणार नाही. पुढे २७ तारखेला अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिनना तुर्कीतली काढू असा गुपचूप शब्द दिला, एप्रिल १९६३ पर्यंत काढली पण, फक्त हा सौदा लोकांना बरीच वर्षं कळू दिला नाही.

समोरचा म्हणेल, सोव्हिएतांनी लपवून ठेवली, खोटं बोलले, अमेरिकेने तर उघड करार करून ठेवली. हे खरं आहे, मान्य करून टाका. पण बांध दिवसा कोरला काय अन् रात्री कोरला काय, शेजाऱ्याची जमीन जायची तेवढी जातेच.

युक्रेन-सोलोमन ताजी आहे, परीक्षकांना लगेच कळते. नाटोने, म्हणजे अमेरिका आणि युरोपातल्या देशांच्या लष्करी आघाडीने, एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टला जाहीर केलं की युक्रेन पुढे सदस्य होईल, आणि पश्चिमेचं म्हणणं कायम हेच की कोणाशी दोस्ती करायची ते ज्याचं त्याने ठरवावं. मग एप्रिल २०२२ मध्ये सोलोमन बेटांनी, म्हणजे प्रशांत महासागरातल्या एका छोट्या देशाने, चीनशी सुरक्षा करार केला तर ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मॉरिसन म्हणाले तिथे चिनी लष्करी तळ म्हणजे रेड लाइन, ओलांडलेली चालणार नाही अशी रेषा. तिथून ऑस्ट्रेलिया जवळपास २,००० किलोमीटर लांब.

ऐकायला जोरदार वाटतं, पण ऑस्ट्रेलियाने सोलोमनवर रणगाडे पाठवले नाहीत आणि रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमध्ये पाठवले, हा फरक समजावण्यातच तुमचा वेळ जाईल आणि ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही आक्रमणाची वकिली करताय. ती अजिबात करू नका. सीमेवर लाखाहून जास्त सैन्य आणून ठेवायचं, आमच्या हद्दीत आम्ही काहीही करू म्हणायचं आणि नाटोच्या हालचालींना मात्र चिथावणी म्हणायचं, हा रशियाचा दुटप्पीपणा तितकाच वाईट, त्यात माणसं मेली.

म्हणून मी भाचीला क्युबा-तुर्कीच घ्यायला सांगितलंय. एकाच वर्षी, एकाच प्रकारची शस्त्रं, फक्त मालक बदलला.

एक तयारी मात्र वेगळी ठेवा, परीक्षक विचारतीलच की आपल्या देशाचं काय. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेची जॉन पॉल जोन्स ही युद्धनौका लक्षद्वीपच्या पश्चिमेला साधारण १३० सागरी मैलांवर, आपल्या विशेष आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र, जिथल्या साधनसंपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो) न विचारता फिरली, वर त्यांच्या सातव्या आरमाराने ते जाहीर केलं आणि आपण आक्षेप घेतला. आपलं म्हणणं, अशा क्षेत्रात परक्या लष्करी कवायतींना आपली संमती लागते. चीनचं म्हणणंही याच्या जवळ जाणारं आहे, आणि तरी चीन हक्क सांगतो त्या दक्षिण चीन समुद्रात आपण मोकळ्या जलवाहतुकीचा आग्रह धरतो. मोकळी वाहतूक आणि कवायती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपलं सरकार म्हणू शकतं आणि त्यात दम आहे. पण हे परीक्षकांनी विचारायच्या आधी स्वतःहून मांडा, देशाच्या विरोधात बोलतोय असं वाटून दडवू नका.