एलएसडीच्या नावाखाली वेल्डिंग: जिप्सीवाल्यांनो, हौसिंग बंद होण्याआधी आत बघा

जुन्या मारुती जिप्सीचं मागचं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारा गिअरचा संच) आणि पाटे (सस्पेन्शनच्या पोलादी पट्ट्या) बदलायच्या विचारात असाल तर हे वाचून मग गॅरेजला फोन करा. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका गॅरेजने मला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे आपल्या भाषेत एलएसडी, म्हणून जे बसवून दिलं ते माझंच जुनं डिफरन्शियल होतं. आतल्या गिअरवर वेल्ड मारून ते जाम केलेलं. सोबत ‘ब्रँड न्यू’ म्हणून लावलेले कमानपाटेही कुठल्यातरी भंगार गाडीचे निघाले. दोन्ही मिळून 85 हजार रुपये. गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

गाडी जिप्सी किंग, 1.3 लिटर पेट्रोल. चारही चाकांना पाटे, पुढेमागे अखंड एक्सल. फोर-व्हील टाकली नाही तर ही गाडी निव्वळ मागच्या चाकांवर चालते. कंपनीचं साधं डिफरन्शियल वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, आणि त्यात गैर काही नाही. अडचण येते चिखलात. एक चाक घसरायला लागलं की तेच गरगरत बसतं आणि कोरड्या जागेवरचं दुसरं चाक ढिम्म हलत नाही. एलएसडीत क्लच प्लेटा असतात. त्या दोन्ही चाकांमधला फरक थोडा होऊ देतात, जास्त व्हायला लागला की अडवतात. कोकणात गावच्या घरापुढच्या लाल मातीच्या चढावासाठी मला तेवढंच हवं होतं. ऑफ-रोडिंगची वगैरे हौस नाही.

गॅरेजवाला बोलायला एकदम गोड. ‘दादा, टेन्शन घेऊ नका, इम्पोर्टेड माल आहे, माझ्याकडे पडलाय.’ व्हॉट्सॲपवर खोक्यातल्या नव्या एलएसडीचा फोटो आला. खाली गुळगुळीत पांढरी फरशी. त्याच्या गॅरेजची जमीन ऑइलने काळी झालेली, उखडलेल्या कोब्याची. फोटो आणि माल एकाच छपराखालचे नव्हते, एवढं त्या फरशीवरून कोणालाही कळावं. तुम्हालाही असा फोटो आला तर मालाच्या आधी आजूबाजूला बघा, आणि त्याच खोक्याचा गाडीशेजारी ठेवून काढलेला फोटो मागा.

याच माणसाने एकदा सुचवलं होतं की मोठे टायर टाकणार असाल तर मागचा क्राऊन-पिनियनही, म्हणजे डिफरन्शियल फिरवणारी मोठ्या-लहान गिअरची जोडी, बदलून टाकू. फक्त मागचा! फोर-व्हील गाडीत पुढची आणि मागची रेशो, म्हणजे या दोन गिअरच्या दातांचं प्रमाण, सारखीच लागते. क्राऊनला 41 दात आणि पिनियनला 11 असले तर 3.73, 37 आणि 9 असले तर 4.11. पुढे एक आणि मागे दुसरी ठेवून पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील टाकली तर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद देणाऱ्या गिअरपेटीची) वाट लागते. हे ज्याला ठाऊक नाही त्याने जिप्सीच्या एक्सलला हात लावू नये, आणि ठाऊक असून जो बोलतो त्याच्याकडे तर अजिबात जाऊ नये.

आता मुख्य गोष्ट. गाडी ताब्यात देताना त्याने मला चाचणी करून दाखवली. मागची दोन्ही चाकं उचलली, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि एक चाक हाताने फिरवलं. दुसरंही त्याच दिशेला फिरलं. ‘बघा, साधं असतं तर दुसरं उलटं फिरलं असतं.’ बोलणं शंभर टक्के खरं. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरं चाक सहसा उलटंच फिरतं आणि एलएसडीत त्याच दिशेने. पण वेल्ड मारलेल्या डिफरन्शियलमध्येही ते त्याच दिशेने फिरतं! गिऱ्हाईकाला दाखवायला त्याने नेमकी तीच चाचणी निवडली जिच्यात त्याची लबाडी पास होते. यूट्यूब बघून गेलेला माणूस ही चाचणी बघून खूश होऊन घरी येतो.

नंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी वळवताना पेव्हर ब्लॉकवर मागचे टायर किंचाळायला लागले. स्टिअरिंग पूर्ण कापलं तरी गाडी सरळ रेटायची, मग मागून धप्प. फोन केला तर उत्तर तयार: एलएसडी नवी असताना थोडा आवाज येतोच, खास ऑइल लागतं, मैदानात आठच्या आकड्यात फिरवा म्हणजे प्लेटा बसतील. क्लचवाल्या एलएसडीबद्दल यातला शब्दन्‌शब्द बरोबर आहे. इथे मात्र आत प्लेटाच नव्हत्या, बसणार काय? पहिल्या पावसात उतरत्या वळणावर गाडीचं बूड बाहेर निघालं तेव्हा आवाजाची गोष्ट मागे पडली. मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली असली की वळणावर एकाला घासत जावंच लागतं, आणि ओल्या रस्त्यावर घासणारं चाक पकड सोडतं. शिवाय सगळा पीळ एक्सल शाफ्टवर जातो.

भांडुपच्या एका वयस्कर मिस्त्रींनी छडा लावला. पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, गाडी न्यूट्रलमध्ये घेतली आणि मागचं एकच चाक जॅकवर उचललं. साधं डिफरन्शियल असेल तर उचललेलं चाक बोटाने फिरतं. क्लचवाली एलएसडी असेल तर जोर लावावा लागतो, पण फिरतं. माझं चाक दोघांनी मिळून ओढलं तरी फिरेना, उलट अख्खी गाडी विटांवर चढायला बघत होती. ‘साहेब, हे वेल्ड मारलंय. उघडू का?’

जिप्सीच्या मागच्या एक्सलला मागून उघडणारं झाकण नसतं. दोन्ही शाफ्ट ओढायचे, प्रोपेलर (गिअरकडून मागच्या एक्सलला येणारा लांब दांडा) सोडायचा, मग पुढून अख्खं डिफरन्शियल बाहेर येतं. एवढी उस्तवार कोण करणार, यावरच ही फसवणूक उभी आहे. ऑइल ट्रेमध्ये सोडलं तर त्यात चमकी तरंगत होती. आतल्या लहान गिअरच्या दातांमध्ये वेल्डिंगचे ओबडधोबड लोळे भरलेले, एकाला तडा गेलेला. त्याचा तुटलेला कण क्राऊन आणि पिनियनच्या मध्ये सापडला असता तर चालत्या गाडीत मागची चाकं जाम झाली असती.

पाट्यांचं त्या मानाने सोपं होतं. काळा रंग नखाने खरवडला तर खाली गंज, आणि पानांवर हातोड्याच्या घावांचे ओळीने खळगे. जुने पाटे ठोकून त्यांना पुन्हा कमान देणं हा मुंबईतला जुना, इमानदार धंदा आहे. स्वस्तात काम होतं आणि काही दिवस चालतंही. ठोकलेला माल नवा म्हणून विकणं ही चोरी. सपाट जागेवर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला तर डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली बसलेली.

काम देणार असाल तर जोडणीच्या दिवशी स्वतः गॅरेजमध्ये थांबा. हौसिंगमध्ये, म्हणजे एक्सलच्या लोखंडी खोळीत, जाण्याआधी नव्या भागाचा, त्यावरच्या नंबरसकट, फोटो काढा. आणि आपलं जुनं डिफरन्शियल पोत्यात भरून घरी आणा. माझ्या बाबतीत ते परत द्यायला त्याच्याकडे नव्हतंच, ते गाडीतच होतं. ‘भंगारात गेलं’ हे उत्तर मिळालं की समजून जा. बिलावर ‘डिफ. काम + पाटे’ असं मोघम लिहू देऊ नका. वस्तूचं नाव, नवी की जुनी, जीएसटी नंबर, सगळं हवं. पैसे गॅरेजच्याच खात्यात टाका. मला त्याने कोणा नातेवाईकाचा क्यूआर कोड दिला होता.

फसलाच असाल तर सुटा भाग घेऊन त्याच्या अंगावर जाऊ नका, तो हिसकावून घेतला तर पुरावाच गेला. मी मिस्त्रींकडून सहीनिशी लिहून घेतलं, उघडतानाचा व्हिडिओ ठेवला, ‘नवीन इम्पोर्टेड एलएसडी’ असं त्याने स्वतः टाइप केलेला मेसेज जपला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत 2 वर्षांची. नोटीस मिळाल्यावर त्याने 30 हजारांत मिटवायची तयारी दाखवली होती. मी नाही म्हटलं. आता उत्तर दाखल करायला वेळ मागून घेतलाय. जिप्सीत सध्या कंपनीचं साधं डिफरन्शियल आहे, आणि चढावावर फोर-व्हील टाकली की काम भागतंय.