बिलिंग सॉफ्टवेअरची मास्टर टेबले: वाशीच्या मसाला मार्केटमधील एका पेढीचा वापरानंतरचा अनुभव

२०२५ च्या गुढीपाडव्याला आमच्या पेढीने वार्षिक वर्गणीचे नवे बिलिंग सॉफ्टवेअर घेतले. बिले, साठा, उधारी-वसुली ही कामे ते नीट करते आणि त्याविषयी वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते त्यातील मास्टर टेबलांविषयी, म्हणजे मालाचा एचएसएन कोड (करासाठी मालाच्या वर्गवारीला दिलेला ठरलेला आकडा), कराचा दर आणि राज्याचा कोड बिल ज्या तक्त्यांतून आपोआप उचलते, त्या तक्त्यांविषयी. मूळ तक्ता बिघडलेला असेल, तर त्यावर निघणारे प्रत्येक बिल बिघडते.

मसाले आणि सुकामेवा या व्यापारात जवळजवळ प्रत्येक मालाचा कोड शून्याने सुरू होतो. बदाम-पिस्ते ०८०२, खजूर ०८०४, मिरी आणि सुकी मिरची ०९०४, जिरे ०९०९, हळद ०९१०. उलाढाल पाच कोटींच्या वर असल्यामुळे आम्हाला बिलावर सहा आकडी कोड द्यावा लागतो. सॉफ्टवेअर कंपनीने मालाची यादी चढवण्यासाठी जो एक्सेलचा नमुना पाठवला, त्यात कोडचा रकाना मजकुराचा न ठेवता संख्येचा ठेवला होता. एक्सेलच्या दृष्टीने संख्येपुढील शून्याला अर्थ नसतो, म्हणून यादी भरताच सगळी शून्ये गळून पडली आणि सॉफ्टवेअरनेही ती यादी एका शब्दाने न अडवता स्वीकारली.

बदामगराचा ०८०२१२ हा कोड ८०२१२ झाला, तो कंपनीच्या मूळ यादीत कुठेच सापडला नाही आणि बिल अडले. ते योग्यच झाले. हळदीचे मात्र तसे झाले नाही. तिचा ०९१०३० हा कोड ९१०३० झाला. पूर्ण कोड सापडला नाही, की हे सॉफ्टवेअर पहिल्या चार आकड्यांवर शोध घेते, आणि ९१०३ हे शीर्षक कर-यादीत खरोखरच आहे. ते घड्याळांचे आहे. परिणामी सांगलीहून आलेल्या राजापुरी हळदीच्या बिलावर ५ टक्क्यांऐवजी १८ टक्के कर छापून आला. दिवाणजींचे लक्ष गेले म्हणून ते बिल गाळ्याबाहेर पडले नाही.

माझा मुख्य आक्षेप येथे आहे. शोधलेली नोंद मिळाली नाही, तर तक्त्याने ‘नोंद नाही’ असे स्पष्ट सांगून थांबले पाहिजे. जवळचे उत्तर देण्याची सवय एक्सेलच्या व्हीलुकअपलाही, म्हणजे तक्त्यातून नोंद शोधून आणणाऱ्या सूत्रालाही, आहे. त्यातील चौथी जागा रिकामी सोडली, तर ते अंदाजी जुळणी गृहीत धरते आणि यादी चढत्या क्रमाने नसेल तर बिनदिक्कत चुकीचे उत्तर देते. नंतर आलेल्या एक्सलुकअपमध्ये तंतोतंत जुळणी हीच मूळ पद्धत ठेवली आहे. ज्या सॉफ्टवेअरसाठी व्यापारी दरवर्षी पैसे मोजतो, त्याने निदान एवढी काळजी घ्यायला हवी होती.

सेवा विभागाने दोष एक्सेलवर ढकलला आणि यादी पुन्हा चढवण्याचे वेगळे शुल्क सांगितले. नमुना त्यांचा, रकान्याचा प्रकार त्यांनी ठरवलेला, आणि दुरुस्तीचा खर्च आमचा, हे मला मान्य नव्हते. मी ते शुल्क दिले नाही. आम्ही नवीन फाइल घेतली, कोडचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ केला आणि मगच यादी त्यात उतरवली. गळलेली शून्ये टेक्स्ट फंक्शनला सहा शून्यांचा नमुना देऊन परत आणता येतात, पण यादीत चार आकडी कोड मिसळलेले असतील तर ते वेगळे काढूनच हे करावे, अन्यथा त्यांच्यापुढेही नको असलेली शून्ये बसतात. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) थेट डबल-क्लिक करून उघडू नये. एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूमधून ती आत घेऊन रकान्याचा प्रकार स्वतः निवडावा.

राज्यांच्या तक्त्यातही शून्याची हीच अडचण होती. अक्रोड आणि केशर देणारे आमचे पुरवठादार जम्मू-काश्मीरचे आहेत आणि त्यांच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे ०१ आहेत. तक्त्यात तो १ झाल्यामुळे राज्याची जागा कोरी राहिली. महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा २४ यांना अर्थातच काही झाले नाही.

येथपर्यंतच्या अनुभवावर मी वर्गणी पुढे चालू ठेवली नसती. माझे मत बदलले ते सप्टेंबरमध्ये. दराच्या तक्त्यात हे सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीला ‘पासून लागू’ आणि ‘पर्यंत लागू’ अशा दोन तारखा मागते. यादी भरताना मला ते निष्कारण वाढवलेले काम वाटले होते, कारण जिरे-हळदीचा दर जीएसटी आल्यापासून बदललेलाच नाही. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे नेमक्या घटस्थापनेच्या दिवसापासून, बदाम, पिस्ते आणि खजूर यांचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि दिवाळीचा सुकामेवा तर तेव्हाच सर्वांत जोरात उठतो. आम्ही १२ टक्क्यांची ओळ २१ तारखेला बंद केली, त्याखाली ५ टक्क्यांची नवी ओळ लिहिली, आणि घटस्थापनेच्या सकाळी पहिले बिल बरोबर निघाले.

या रचनेचे खरे मोल ऑक्टोबरमध्ये कळले. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरील एका दुकानदाराने सप्टेंबरच्या सुरुवातीला नेलेला खजूर परत पाठवला. क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद, मूळ बिलाशी जोडलेली असते, त्यामुळे तिच्यावर मूळ बिलाचाच कर यावा लागतो. सॉफ्टवेअरने मूळ बिलाची तारीख पाहून १२ टक्केच लावले. ज्या पेढ्यांनी जुना दर पुसून त्या जागी नवा लिहिला, त्यांना असे प्रत्येक परतीचे बिल हाताने दुरुस्त करावे लागले.

एक तक्रार अजून शिल्लक आहे. दमण-दीव २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेलीत विलीन झाले आणि त्याचा २५ हा कोड वापरातून गेला. जुन्या बिलांसाठी ती ओळ तक्त्यात राहावी हे मला पटते, पण ‘निष्क्रिय’ अशी खूण केल्यानंतरही ती नवीन ग्राहक भरताना निवडीच्या यादीत दिसते. वर्गणी मी एका वर्षासाठी पुढे चालू ठेवली आहे. तीन वर्षांची सवलत घेतलेली नाही. ही ओळ यादीतून जाईपर्यंत आणि यादी चढवण्याच्या नमुन्यात कोडचा रकाना मजकुराचा होईपर्यंत ती घेणारही नाही.