हात थांबला, पण 'राळे' मिसळले

पाचपैकी चार स्टार. एक जिभेसाठी कापला.

हाताच्या कंपासाठी मेंदूतल्या थॅलॅमस या भागात दोन्ही बाजूंना तारा घालून डीबीएस (तारेतून मेंदूला बारीक करंट देण्याचा उपचार) केलं, त्याला आठ महिने झाले. चहा आता बशीत सांडत नाही, झकास! पण करंट वाढवला की 'काळे राळे गोरे राळे' खरोखरच एकात एक मिसळतात. तपासताना 'पटक पटक' भरभर म्हणायला लावतात, तिथे माझ्या 'प'चा 'ब' होतो. जन्म मास्तरकीत गेला हो! तारेशेजारूनच तोंडाच्या स्नायूंकडचे मार्ग जातात, करंट तिकडे पसरतो. हा धोका फॉर्मवर होता, बारीक अक्षरात. सेटिंगवाल्या बाईंनी मात्र तीन खेपा न कंटाळता घेतल्या. आता रिमोट माझ्याकडेच असतो. नातवाला गोष्ट सांगायची की एक पायरी खाली. हात थरथरला तर थरथरू दे.